साठाव्या नंबरचं काय?

शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याकडे २०१६ च्या मे महिन्यात आलं आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिलं. सांगली जिल्ह्यातली आमची शाखा मूळची पीककर्जाची. द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, या दोन छाटण्यांवर शाखेचं वर्ष फिरायचं. पण जून लागला की माझ्या टेबलापुढं निराळीच गर्दी होई. बापाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पोराच्या गुणपत्रिका आणि सगळ्यांत वर दोन गुळगुळीत माहितीपुस्तिका.

दोन म्हणजे दोनच. तिसरी क्वचित दिसायची. दोन खासगी विद्यापीठं, दोन्हींच्या मुखपृष्ठावर काचेची इमारत, हिरवळीवर हसत बसलेली मुलं आणि आत कुठंतरी ठळक टायपात ‘सर्वोच्च पॅकेज’. बाप दोन्ही पुस्तिका माझ्यापुढं सरकवत विचारायचा, “मॅडम, ह्यातलं कुठलं बरं?” ट्रॅक्टर घेताना विचारायचा तसंच. कर्ज देते म्हणजे बाईला माल कळत असणार, असा सरळ हिशेब.

खरं तर हा प्रश्न बँकेनं अंगावर घ्यायचा नसतो. संस्था मान्यताप्राप्त आहे का, फीचं पत्रक आहे का, कर्ज फिटेल का, एवढंच आम्ही बघायचं. पण समोर बसलेल्या माणसाला ‘ते तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणणं मला कधी जमलं नाही. म्हणून मी सांगत गेले. काही बरोबर निघालं, काही चुकलं. एक चूक मात्र मी वर्षानुवर्षं करत होते आणि ती मला अठरा वर्षांच्या पोरीनं दाखवली.

आधी दोन चुलतभावांची गोष्ट सांगते.

२०१७ चा जुलै. तासगाव तालुक्यातलं एक द्राक्षबागायतदार घर. दोन भाऊ, एकत्र शेती, आणि दोघांची पोरं एकाच वर्षी बारावी झालेली. सीईटीत दोघांचेही गुण दोनशेपैकी शंभराच्या अलीकडेपलीकडे. तेवढ्यावर सांगलीचं वालचंद किंवा पुण्याचं सीओईपी स्वप्नातही नव्हतं. दोघांनाही कॉम्प्युटरच हवं होतं, आणि केंद्रीय प्रवेश फेरीत हव्या त्या कॉलेजात ते मिळत नव्हतं. थोरल्याच्या बापानं पुण्याजवळचं एक नावाजलेलं विद्यापीठ ठरवलं. धाकट्याच्या बापानं त्याच पट्ट्यातलं, पण शहरापासून लांब असलेलं, बेताच्या फीचं. दोन्ही फायली एकाच दिवशी माझ्याकडे आल्या.

मी स्लिपच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले. थोरल्याची फी वर्षाला दोन लाख नव्वद हजार, हॉस्टेल आणि मेस एक लाख वीस हजार. धाकट्याची फी सव्वा लाख, राहणं-खाणं पाऊण लाख. चार वर्षांचे एकीकडे साडेसोळा लाखांच्या आसपास, दुसरीकडे आठ. थोरल्याच्या बापानं फक्त एवढंच विचारलं, “एवढा फरक हाय म्हंजे तेवढं शिकवत असतील की?”

त्याचा दोष नव्हता. आमच्या भागात महाग औषधाची फवारणी चांगली, हे गृहीतच असतं. फी ही गोष्ट कोण ठरवतं, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातले वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. त्या कॉलेजांची फी पुढं कोर्टकचेऱ्यांतून जात जात आज शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आली आहे. कॉलेजनं खर्चाचे ताळेबंद दाखवायचे आणि प्राधिकरणानं आकडा मंजूर करायचा. खासगी विद्यापीठाचं तसं नाही. अभिमत असो की विधिमंडळाच्या कायद्यानं झालेलं स्वयंअर्थसहाय्यित असो, ते स्वतः शिकवतं, स्वतः परीक्षा घेतं, स्वतः पदवी देतं आणि फीही स्वतःच ठरवतं. त्यामुळं तिथं फीचा आकडा म्हणजे खर्चाचा हिशेब असेलच असं नाही. पुष्कळदा तो बाजारातल्या नावाचा अंदाज असतो. लोक किती देतील, याचा.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी थोरल्याच्या बापाला म्हणाले, “चांगली संस्था आहे, आमच्या यादीत आहे.” बँकेची संस्थांची स्वतःची यादी असते. यादीतल्या संस्थेला व्याजदर थोडा कमी आणि मंजुरी लवकर. यादी कर्जासाठी केलेली, आणि मी ती शिक्षणाच्या दर्जासाठी वापरली. धाकट्याच्या फायलीवर मात्र मी जरा नाराजीनंच सही केली होती.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, म्हणून धाकट्याचे सात लाख विनातारण बसले. थोरल्याला चौदा लाख हवे होते. त्यासाठी विश्रामबागेतला फ्लॅट गहाण पडला.

पुढची चार वर्षं दोन्ही खाती माझ्याच टेबलावर. दर सत्राला फीची मागणी यायची आणि मी थेट विद्यापीठाच्या खात्यात रक्कम सोडायची. पुस्तिकेत जे दिसत नव्हतं ते या मागणीपत्रांतून दिसायला लागलं. थोरल्याच्या विद्यापीठाच्या नियमावलीत बारीक अक्षरात एक ओळ होती, शुल्कवाढीचा अधिकार विद्यापीठाकडे राहील. दरवर्षी ती वाढ झाली. हॉस्टेलची साधी खोली दुसऱ्या वर्षी ‘उपलब्ध नाही’ झाली, उरली ती वातानुकूलित. मग परदेशातली अभ्याससहल, जी सक्तीची नव्हती पण जिला न जाणारा पोरगा वर्गात एकटाच उरायचा. साडेसोळाचे साडेअठरा लाख कधी झाले ते बापालाही कळलं नाही. वरचा पैसा बेदाण्यातून गेला.

धाकट्याचा आकडा जवळपास होता तिथंच राहिला. पण तिथं दुसरंच काही कमी पडत होतं. सुट्टीत आला की सांगायचा, “एका सेमिस्टरला एका विषयाला तीन सर झाले, मॅडम.” जो जरा बरं शिकवायचा तो वर्षभरात दुसरीकडं जायचा. लॅबमध्ये अर्धी यंत्रं बंद. पदवी हातात आली, पण नोकरीच्या परीक्षेला लागतं ते येत नव्हतं. मग पुण्यात कॉट बेसिसवर राहून सात महिने क्लास. क्लासची फी आणि राहणं मिळून दीड लाख गेले. स्वस्त विद्यापीठाच्या खर्चात हे दीड लाख कुणी धरत नाही. धरायला पाहिजेत. जे विद्यापीठानं शिकवायचं होतं, ते शिकायला हे गेले.

२०२१ मध्ये दोघंही पास झाले. थोरल्याला शेवटच्या सत्रातच कॅम्पसमधून नोकरी लागली, वर्षाला साडेतीन लाख. धाकट्याला नऊ महिने उशिरा, तशाच एका कंपनीत, वर्षाला साडेतीन लाख.

आकडा ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले. जवळजवळ नऊ लाखांच्या फरकानं नऊ महिने विकत घेतले होते.

खरी अडचण २०२२ च्या उन्हाळ्यानंतर आली. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. साडेदहा टक्क्यांनी थोरल्याच्या चौदा लाखांवर पाचएक लाख व्याज चढलं आणि हिशेबाला एकोणीस लाख आले. पंधरा वर्षांची मुदत धरली तरी हप्ता एकवीस हजार. पोराच्या हातात महिन्याला चोवीस-पंचवीस हजार. पुण्यात खोली, डबा, बस, आणि एकवीस हजार! धाकट्याचा हप्ता साडेदहा हजार. तोही सोपा नव्हता, पण भरता येत होता.

हप्ता नव्वद दिवस थकला की खातं थकीत वर्गात जातं. थोरल्याचं खातं दोनदा ऐंशी दिवसांपर्यंत गेलं. दोन्ही वेळेला मी स्वतः फोन केला आणि दोन्ही वेळेला बापानं येऊन रोख भरले. दुसऱ्या वेळेला तो म्हणाला, “मॅडम, तुमीच म्हनला हुता, चांगली संस्था हाय.” राग नव्हता त्याच्या बोलण्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

एवढ्यावर ‘महागडं म्हणजे फसवणूक’ असं मी ठरवून टाकलं असतं तर तीही चूकच झाली असती. २०२४ मध्ये थोरल्यानं नोकरी बदलली. हॉस्टेलमधल्या एका सीनियरनं त्याचं नाव पुढं केलं होतं. पगार दुपटीच्या आसपास गेला. तो शाखेत आला तेव्हा मी विचारलं, “मग वसूल झालं म्हणायचं का?” तो विचार करून म्हणाला, “माणसं मिळाली, मॅडम. ती दुसरीकडं नसती मिळाली. पण पहिली दोन वर्षं मला कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं. साहेबानं रात्रीची शिफ्ट दिली, घेतली. शिकायला मिळेल अशी एक छोटी कंपनी बोलवत होती, तिथला पगार चार हजारांनी कमी होता. नाही गेलो.” धाकट्याचं उलट. तो अशाच एका छोट्या कंपनीत जाऊन काम शिकला आणि आज थोरल्याच्या बरोबरीनं कमावतो. पण त्याला एक सल आहे. मोठ्या कंपन्यांच्या पहिल्या चाळणीतच त्याचा अर्ज पडायचा. विद्यापीठाचं नाव बघून.

मोल दोन्हीकडं होतं आणि किंमतही दोन्हीकडं होती. फक्त माहितीपुस्तिकेत ज्याचा दर छापला होता ते वेगळंच काहीतरी होतं.

त्या दोन खात्यांनंतर मी यादीवर विसंबणं सोडलं आणि कागद वाचायला शिकले. नॅकची श्रेणी बघायची, हे सगळेच सांगतात. पण श्रेणी सगळ्या संस्थेला मिळते, तुमच्या पोराच्या शाखेला नाही. मला जास्त उपयोगी पडली ती एनआयआरएफसाठी दिलेली माहिती. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांक काय लागला त्यापेक्षा संस्थेनं स्वतः भरून दिलेला तक्ता मोलाचा, आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. पहिल्या वर्षाला मंजूर जागा किती, प्रवेश किती झाले, ठरल्या मुदतीत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, पुढं शिकायला किती गेले, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार काय. पगारांवर खर्च किती, प्रयोगशाळेच्या साहित्यावर किती, ग्रंथालयावर किती. शिक्षकांची यादी असते आणि पुढं रुजू झाल्याची तारीख. त्या तारखांवरून नुसतं बोट फिरवायचं. अर्धेअधिक शिक्षक गेल्या वर्षभरात आलेले असतील, तर धाकट्याचे ‘तीन सर’ तुम्हाला तिथंच भेटतात.

मध्यक म्हणजे काय ते सांगायला मला फार कष्ट पडले नाहीत. तासगावच्या माणसाला बेदाण्याचे सौदे माहीत असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात येतो तो उच्चांकी दर. एखाद्या हिरव्यागार, एकसारख्या मण्याच्या बॉक्सला मिळालेला. तो वाचून कुणी पोराचं लग्न ठरवत नाही. मी विचारायची, “दादा, सौद्यात बहुतेकांच्या मालाला काय दर मिळाला, ते बघता ना? मग पोराच्या बाबतीत उच्चांकी पॅकेज कशाला बघता? एकशेवीस पोरांचा वर्ग असला तर साठाव्या नंबरच्या पोराला काय मिळालं ते विचारा. आपलं पोर बहुतेक तिथंच कुठंतरी असणार.”

हे माझं वाक्य शाखेत प्रसिद्ध होतं. शिपाईसुद्धा गमतीनं म्हणायचा, “मॅडम, साठाव्या नंबरचा आलाय बघा बाहेर.” मी त्यावर खूश होते. मला वाटायचं, मला गोम कळली.

२०२४ चा जुलै. एक बाप आणि मुलगी आले. पिशवीत पुन्हा दोन पुस्तिका. मुलीला सीईटीत एक्क्याऐंशी पर्सेंटाइल, दोन्ही विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा दिलेल्या, दोन्हीकडं कॉम्प्युटरला जागा मिळत होती. एकीकडं जागा अडवून ठेवायला पंचवीस हजार भरूनही झालेले. तिकडून रोज एका समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंचा फोन येत होता, आजच्या आज पहिला हप्ता भरा, सीट जाईल.

मी रकाने आखले. पहिल्याची फी पावणेचार लाख, राहणं-खाणं एक लाख साठ हजार. दुसऱ्याची फी एक लाख नव्वद, राहणं-खाणं एक लाख. चार वर्षांचे साडेएकवीस आणि साडेअकरा. फरक दहा लाखांचा.

दहा लाख हा आकडा बापाच्या तोंडावर नुसता टाकून काही होत नाही. म्हणून मी त्याचा हप्ता करून दाखवते. दहा टक्के व्याज, पंधरा वर्षं, म्हणजे महिन्याला पावणेअकरा हजार. एकूण फेड एकोणीस लाख चौतीस हजार. हप्ता सुरू होईल तेव्हा मुलगी तेवीस वर्षांची असेल, संपेल तेव्हा अडतीसची. मी म्हणाले, “हा नुसता फरकाचा हप्ता. दुसऱ्यापेक्षा पहिलं घेतलं म्हणून जास्तीचा. आता हा हप्ता भरून काय जास्तीचं मिळणार ते बघू.”

तक्ते काढले. पहिल्याचा मध्यक पगार दुसऱ्यापेक्षा वर्षाला सव्वा लाखानं जास्त. म्हणजे महिन्याला दहा-साडेदहा हजार. मी म्हणाले, “बघा, साठाव्या नंबरच्या मुलीचा जास्तीचा पगार आणि जास्तीचा हप्ता जवळजवळ सारखे. बरोबरीत सुटतंय. आता नाव, ओळखी, बाकीचं सगळं बघून ठरवा.”

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिनं तक्ता आपल्याकडं ओढला आणि बोटानं एक ओळ दाखवली.

“मॅडम, हा मध्यक नोकरी लागलेल्यांचा आहे ना?”

“हो.”

“मग जे लागलेच नाहीत ते यात नाहीत. वर्गात एकशेवीस, त्यांतल्या बहात्तर जणांना नोकरी लागली असली, तर हा मधला म्हणजे छत्तिसावा. साठावा नाही. साठावी तर पार शेवटाकडं असणार.”

मी चष्मा काढून ठेवला. इतकी वर्षं मी लोकांना साठाव्या नंबरचं बघा म्हणून सांगत होते आणि दाखवत होते तिसाव्या-पस्तिसाव्या नंबरचं. तक्त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. ‘नोकरी लागलेले विद्यार्थी’ आणि ‘त्यांचा मध्यक पगार’, अगदी शेजारी शेजारी लिहिलेलं होतं. वाचणारी मी होते.

बापाला ते सौद्याच्या भाषेत लगेच उमगलं. “म्हंजे इकला गेला त्याच मालाचा दर. जो परत घरी न्यावा लागला त्याचा हिशेबच न्हाई.”

मग आम्ही तिघांनी नव्यानं बघितलं. पहिल्या विद्यापीठात पास झालेल्या दहांतल्या सहा जणांना नोकरी होती, दुसऱ्यात दहांतल्या पाच जणांना. काहीजण पुढं शिकायला गेलेले असतात, काही घरच्या धंद्यात, ते वगळावे लागतात. तरी एकशेवीसच्या वर्गात साठावी मुलगी पहिल्यात नोकरीवाल्यांच्या शेपटाला होती, दुसऱ्यात अगदी काठावर. आणि शेपटाला पगार काय असतो? तिथं सगळीकडं त्याच दोन-चार मोठ्या कंपन्या घाऊक भरती करतात, आणि त्यांचा नवख्याचा पगार विद्यापीठ बघून बदलत नाही. थोरल्याचे साडेतीन लाख आणि धाकट्याचे साडेतीन लाख का जुळले, ते मला त्या दिवशी कळलं. दोघंही त्याच ओळीत उभे होते. एकानं तिथं पोचायला नऊ लाख जास्त दिले होते, एवढंच.

महाग विद्यापीठाचं मोल नसतं असं यातून निघत नाही. ते वरच्या तीस-चाळीस पोरांसाठी असतं, आणि भरपूर असतं. चांगल्या कंपन्या त्यांच्यासाठीच येतात. शिवाय अशा विद्यापीठांत अभ्यासक्रम लवकर बदलतो, निकाल वेळेवर लागतो, शेजारच्या खोलीत इंदूरचा किंवा कोचीचा पोरगा असतो. ज्याच्या घरी हप्त्याची काळजी नाही, त्यानं जरूर जावं. पण ज्याच्या घरी आहे, त्यानं एक प्रश्न स्वतःला विचारावा, आपण त्या वरच्या चाळिसांत असू का? माहितीपुस्तिका सगळ्यांना तिथंच उभं करते. फी मात्र एकशेवीस जण सारखी भरतात.

मुलगी म्हणाली, “मी मधलीच आहे, मॅडम. शाळेपासून मधलीच.” लाज नव्हती त्या बोलण्यात. उंची सांगावी तसं सांगितलं.

मग मी तिसरा रकाना आखला. केंद्रीय प्रवेश फेरीसाठी तिनं नोंदणी करून ठेवली होती, पण बापाच्या हिशेबात ती नव्हतीच. त्याच महिन्यात, ८ जुलै २०२४ ला, शासन निर्णय निघाला होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली. म्हणजे आमच्या टेबलावरच्या दोन्ही पुस्तिका वगळलेल्या. या घराला ती सवलत बसत होती. जिल्ह्यातल्याच एखाद्या विनाअनुदानित कॉलेजात तिला कॉम्प्युटर नाही, पण इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळण्यासारखं होतं. खर्च राहण्या-खाण्याचा आणि किरकोळ शुल्काचा. चार वर्षांचे चार लाख.

दोन वस्तूंची तुलना करायला बसलं की माणूस त्या दोनांतच अडकतो. तुलनेची पाटी पुढं केली कुणी, हे विचारायचं राहून जातं. या दोन पुस्तिका घरात आल्या त्या जाहिरातीतून. तिसऱ्या पर्यायाला पुस्तिकाच नव्हती. मुलगा असता किंवा उत्पन्न आठ लाखांवर असतं, तर हा रकाना एवढा सोपा नसता, हे मी तेव्हाही सांगितलं. काही कागद मात्र मुलगा-मुलगी दोघांसाठी सारखेच उपयोगी.

मी ठरवून दिलं नाही. एवढं शहाणपण तोवर आलं होतं. मुलीला एक काम दिलं. दोन्ही विद्यापीठांतल्या आणि त्या कॉलेजातल्याही शेवटच्या वर्षाच्या मुलांना फोन करायचा, पण ज्यांचे फोटो संकेतस्थळावर आहेत त्यांना नाही. विचारायचं एवढंच, तुमच्या वर्गात नोकरी न लागलेली मुलं आत्ता काय करतात? ती आठ दिवसांनी वहीत बारा जणांची उत्तरं लिहून घेऊन आली. पहिल्या विद्यापीठातल्या दोघांनी फोनच ठेवून दिला होता. दुसऱ्यातल्या एकीनं तिला अर्धा तास समजावलं होतं. तिन्हीकडच्या उत्तरांत एक शब्द सारखा होता, क्लास. न लागलेली मुलं पुण्यात कॉट बेसिसवर राहून क्लास करत होती. “मग क्लासला पैसे शिल्लक राहतील असंच कॉलेज घ्यायला पाहिजे,” ती म्हणाली.

पंचवीस हजार परत मिळवायला थोडा त्रास झाला. आधी ‘नियमात बसत नाही’ म्हणून उत्तर आलं. त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करायचं, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचं धोरण होतं. त्याचा उल्लेख करून मुलीनं स्वतः पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले.

बँकेच्या बाजूनं बघितलं तर मी त्या दिवशी नुकसानच केलं. शैक्षणिक कर्जाचं उद्दिष्ट असतं, सप्टेंबरअखेर आकडा वर कळवावा लागतो. वीस लाखांची एक फाइल माझ्या टेबलावरून उठून गेली आणि त्या जागी काहीच आलं नाही. चार लाख बापानं बेदाण्यातून आणि सोसायटीतून उभे करायचे ठरवले, कर्ज नकोच म्हणाला. आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, शाखेत शैक्षणिक कर्ज कमी का? मी म्हणाले, यंदा पोरी हुशार निघाल्या. साहेब हसले, आकडा मात्र लालच राहिला.

२०२५ मध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात तो बाप बागेच्या कर्जाच्या नूतनीकरणाला आला होता. पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता. मी विचारलं, “पोरगी कशी आहे? वर्गात कितवी?”

“मधीच हाय म्हनती,” तो म्हणाला, आणि सहीसाठी कागद पुढं ओढला.